येणे बाकी

जीवरसायन संस्थेला यंदा साठ वर्षं होतात,
दोन पानी इतिहास लिहून दे, म्हणाले मला.
फोटो घाल, अध्यक्षांची नावं घाल.
तळघरातल्या कपाटाची किल्ली माँतेविदेओत कुणाकडेच नव्हती.
शिपाई मिल्टनने बिजागरीच काढली.

आत सात वह्या, लाल कापडी पाठीच्या,
वाण्याकडे उधारी मांडतात तशा.
अक्षर एकाच बाईचं : निबिया बेंतांकुर, खजिनदार.
ती आली होती पिपेट धुवायला,
गेली तेव्हा स्निग्धाम्लांवर प्रबंध होता तिच्या नावे.

पहिलं पान. जमा : एकोणीस सभासद,
एक टंकलेखन यंत्र, तीन अक्षरं तुटकी.
खर्च : बैलांची काळजं, चार,
सेर्रोच्या खाटीकखान्यातून, पहाटे, बर्फासकट.
काळीज म्हणजे खरंच काळीज, यकृत.
मांडीवर बादली घेऊन कुणीतरी बसमध्ये बसायचं,
बर्फ विरघळायच्या आत तेवीस थांबे.

एकाकडे सेंट्रिफ्यूज होतं, एकाकडे शीतकपाट,
एकीकडे जर्मनीहून येणारं देशातलं एकुलतं नियतकालिक,
आणि एकाकडे काहीच नव्हतं, वेळ होता.
संस्था म्हणजे एवढंच : कुणाकडे काय आहे याची यादी,
आणि ते मागायची लाज वाटू नये म्हणून
वर्षातून एक जेवण.

एन्झाइम गावोगाव जायचं थर्मासातून,
ज्यातून एरवी येर्बा मातेवर गरम पाणी ओतायचं, त्याच.
साल्तोला एकदा अदलाबदल झाली. नोंद आहे :
'हेबेर लारोका यांनी शुद्ध कॅटालेज प्यायलं. तक्रार नाही.'

दहाव्या वर्षी अध्यक्ष भाषणात म्हणाले,
संस्था ही स्वतः एक एन्झाइम आहे, मित्रहो,
दोघांना जवळ आणते आणि स्वतः झिजत नाही.
निबियाने इतिवृत्तात लिहिलं :
'भाषण झालं. खुर्च्या कमी पडल्या.'

त्याआधीच, त्र्याहत्तरपासून, अक्षर बारीक झालेलं.
सभेला पोलिसांची परवानगी,
कोण येणार ते आधी कळवायचं,
फळ्यावर काय काढणार तेही.
सिट्रिक आम्लाच्या चक्राची आकृती
एका कॅप्टनने दोन दिवस ठेवून घेतली.
बाण कुठे जातात, विचारत होता.

विद्यापीठातून माणसं निघाली, मेक्सिकोला, स्वीडनला.
दोघं कुठे, ते वहीत नाही.
वरून तोंडी निरोप आला : नावं कमी करा.
घटनेत कलम होतं. सभासदत्व संपतं
मृत्यूने, राजीनाम्याने, किंवा ठरावाने.
राजीनामे आले नव्हते. मृत्यूचे दाखले कुणी देत नव्हतं.
ठराव तिनं मांडला नाही.
दर जुलैत, त्या सतरा नावांपुढे,
फक्त : वर्गणी येणे.
येणे.
बारा जुलै.
हिशेबनिसाने लाल पेन्सिलीत खडसावलंय,
बुडीत खाती काढा, ताळेबंद जुळत नाही.
तिचं उत्तर समासात :
'नाही जुळत, खरं आहे.'

पंच्याऐंशीत लारोका परतले,
टेबलावर स्वीडिश नाणी ओतली, बारा वर्षांची.
पावती क्रमांक ४०८. दंड माफ.
मग एकेक करून पंधरा.
शेवटच्या वहीच्या शेवटच्या पानावरही दोन नावं उरतात,
तिचा हात कापतोय, पण शब्द तोच.

आता यादी संगणकात असते.
तीन वर्षांपूर्वी, अनुदानाचा अर्ज भरताना,
त्याने विचारलं होतं : दोन खाती, दीर्घकाळ थकीत. काढून टाकू?
मी होय म्हटलं.
मला वाटलं, टंकनदोष असेल.
मला खरंच तसं वाटलं, आणि मग मी कॉफी प्यायले.

तळघर गार आहे. जुलैच आहे.
मिल्टन दारात, हातात स्क्रू, बसवू का म्हणतो बिजागरी.
थांब जरा. पेन आहे का तुझ्याकडे?
त्याच्याकडे सुताराची पेन्सिल होती, जाड, बोथट.
तीच घेतली.